पुरं नाव

माझे यजमान शिरूर कासारच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक आहेत. पाळकाची बायको असणं म्हणजे काय, तर साहेब स्वर्गाच्या गोष्टी करत असताना खालच्या सतरंज्या कोण झाडणार याची काळजी वाहणं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. असती तर केव्हाच केली असती. माझं माहेर तलवाड्याचं; आमच्याकडे पोटात ठेवायची पद्धत नाही.

दिवाळी होऊन गेली की आमच्या मंडळीतली निम्मी घरं दाराला कुलपं घालून ऊसतोडीला जातात. त्या दिवशी सकाळी नाथा मुकादमाची टोळी निघायची होती. चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत दोन ट्रक लागले होते. खाली बाजरीची पोती, सरपण, भांडीकुंडी, पाण्याचे ड्रम. त्यांच्यावर आडव्या फळ्या, फळ्यांवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर माणसं, लेकरं, दोन-चार शेळ्या. कुणाचा तवा घरी राहिला होता, कुणाची म्हातारी दारात बसून डोळे पुसत होती. आम्हाला इथं बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे मी हे पहिल्यांदाच बघत होते.

नाथा कोयते मोजत होता. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला दुसरा अर्धा जोडल्याशिवाय तो मोजणीतच येत नाही. हे ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण आमच्यात तरी काय वेगळं होतं म्हणा. आम्ही कुटुंबं मोजतो. चर्चच्या वरच्या लोकांनी विचारलं की साहेब अभिमानानं कुटुंबांचा आकडा सांगतात, आणि भावाच्या घरी राहणारी विधवा त्या आकड्यात भावाच्या पोटात जाते.

यजमानांचं नाव शांतवन. शांतवन करणं म्हणजे धीर देणं, पण त्या दिवशी त्यांना स्वतःलाच धीर नव्हता. बीडच्या मोठ्या मंडळीत दुपारी विशेष उपासना होती, बाहेरून मोठे लोक येणार होते आणि उपदेश यांचा होता. विषय, मंडळीची वाढ. उपदेश पसंत पडला तर बीडला बदली होण्याची शक्यता होती. तिथं क्लासेस आहेत, आमची मुलगी बारावीला आहे. मलाही ती बदली हवी होती, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या झग्याला इस्त्री मीच केली होती.

ट्रकपाशी पंडित नावाचा आमच्यातला माणूस यजमानांच्या जवळ आला. सलाम करून म्हणाला, "साहेब, दाविद मास्तर निघताना एकेकाला आत न्यायचे. नाव घ्यायचे."

दाविद मास्तर म्हणजे आमच्या आधीचे पाळक.

"देव सगळ्यांना नावानं ओळखतो, पंडित," हे म्हणाले. "आपण सर्वांसाठी मिळून प्रार्थना करू. मला बीड गाठायचंय."

पंडितनं मान हलवली. गरीब माणूस पाळकाशी वाद घालत नाही.

मग हे दोन ट्रकच्या मधे उभे राहिले, हात वर केले आणि 'आमच्या सर्व ऊसतोड बंधुभगिनींना' प्रभूच्या हाती सोपवलं. प्रार्थना चांगली होती. पाठ होती. आमेन म्हणेपर्यंत पुढच्या ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. "कोयते झाले का रं?" नाथा ओरडला. "झाले," वरून कुणीतरी सांगितलं. पंडित बायकोला घेऊन पुढच्या ट्रकवर चढला. हॉर्न वाजले, धूळ उठली, म्हाताऱ्या हात हलवत राहिल्या आणि मग त्याही आपापल्या घरी गेल्या.

हे कागद घ्यायला घरात गेले. मी सतरंज्या गोळा करायला चर्चमध्ये गेले.

सगळ्यात पुढं, जिथं प्रभुभोजन देतात तिथं, एक बाई गुडघे टेकून बसली होती. डोक्यावरून पदर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं, कुणाची तरी मागे राहिलेली सासू असेल. जवळ गेले तर तरुण पोरगी.

"उठा बाई," मी म्हटलं. "संपली प्रार्थना."

तिनं डोळे उघडले. "माझी बारी आली का?"

"कसली बारी?"

मग तिनं दाराकडे पाहिलं. बाहेर आवाज नव्हता. तिचा चेहरा उतरत गेला तसा तो मला ओळखू आला. पंडितची विधवा बहीण. दर रविवारी मागच्या भिंतीला टेकून बसायची, तान्ही पोर मांडीवर. सगळ्यांच्या आधी निघून जायची. नाव? नाव मला माहीत नव्हतं.

"टरक गेले?"

"गेले. अगं, तू इथं कशी?"

"माझं लेकरू हाय त्यात," ती म्हणाली.

ती उठायला गेली आणि गुडघे आखडल्यामुळे पडली. मी दंडाला धरून उभी केली. "कुणाजवळ आहे? वहिनीजवळ ना?"

"न्हाई. वैनी म्होरल्या टरकात. पोर मागल्या टरकात हाय, फळीखाली. झोळी बांधून निजवलीय. वर लई वारं लागतं बाई, म्हणून खाली." तिला श्वास पुरत नव्हता. "कुणाला सांगितलं न्हाई. म्हणलं लगेच येते. शेजारी पाण्याचा डरम हाय. भरल्याला. त्याची दोरी बांधायची राहिलीय. म्हणलं, नाव घेऊन झालं की येऊन बांधते."

ते ड्रम मी पाहिले होते. भरलेला असला की दोन गड्यांनाही हलत नाही. पुढे पाटोद्याकडं जाणारा रस्ता डोंगरातून चढतो, उतरतो, आणि त्या रस्त्याला खड्ड्यांत रस्ता म्हणायचं की रस्त्यात खड्डे हे अजून ठरलेलं नाही. पुढचा ट्रक समजणार ती मागं आहे, मागचा समजणार ती भावाबरोबर पुढं आहे. आणि नाथा तर तिला मोजणारच नव्हता. अर्धा कोयता.

मी तिला ओढतच बाहेर आणलं. यजमान झगा घालूनच व्हॅनमध्ये बसले होते. मंडळीची जुनी व्हॅन, मागचं दार दोरीनं बांधलेलं. किल्ली लावलेली. मी काय झालं ते सांगितलं. सांगताना मी ओरडत होते हे मला नंतर कळलं.

त्यांनी आधी नाथाला फोन लावला. बंद. नाथा गाडी निघाली की फोन बंदच ठेवतो, नाहीतर पुढच्या गावांत वाट बघत थांबलेली माणसं त्याला रस्ताभर शिव्या देतात. मग पंडितला लावला. वाजत राहिला. ट्रकच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

"पोलिसांना कळवतो," हे म्हणाले. "पुढच्या गावात अडवतील. आणि तू कुणाची तरी गाडी बघ. मी बीडहून सारखा फोन लावत राहतो."

"तुम्ही बीडला जाणार?"

"अगं सुवार्ता, तिथं दोनशे माणसं बसणार आहेत."

"बसू द्या. त्यांच्या शेजारी भरलेला ड्रम नाही."

ह्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण माणूस एकदा निघायच्या तयारीत असला की त्याचे पाय आधी ठरलेल्या दिशेलाच वळतात. मला त्यांचा इतका राग आला होता की मी व्हॅनची किल्ली काढून घेणार होते, आणि मला गाडी चालवता येत नाही.

तेवढ्यात ती पोरगी खिडकीशी आली. रडत नव्हती. हात जोडून म्हणाली, "मी आत बसले व्हते साहेब. हॉर्न ऐकला मी. पर म्हणलं, साहेब नाव घेतल्याबिगर कसं जाऊ देतील."

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. मग हात लांब करून मागचं दार उघडलं. दोरी सुटेना तेव्हा तोडली.

"बसा," म्हणाले.

शिरूर सोडल्यावर रस्त्याला ट्रकच ट्रक. त्या आठवड्यात सगळ्या टोळ्या निघतात. सगळ्यांना तसलीच ताडपत्री, वर तशीच माणसं, मागच्या दाराच्या फाळक्यावरून निळे ड्रम डोकावणारे. पोलिसांकडून 'बघतो' एवढंच उत्तर आलं होतं, म्हणून मी पंडितला फोन लावत होते, हे गाडी हाणत होते. ती मागून पुढच्या सीटला धरून वाकलेली, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"ट्रकवर काय लिहिलंय? काही खूण?" यांनी विचारलं.

"मला वाचता येत न्हाई. डरम निळा हाय."

सगळ्यांचेच निळे होते.

एका चढावर पुढं एक ट्रक हळू चालला होता. फाळक्याच्या फटीतून निळा ड्रम दिसत होता. "त्योच," ती म्हणाली. हे हॉर्न वाजवत राहिले, ट्रक थांबेना. शेवटी यांनी व्हॅन पुढे काढली, रस्त्यात आडवी लावली आणि उतरून दोन्ही हात पसरून उभे राहिले. झगा वाऱ्यानं फुगलेला. ट्रकनं ब्रेक मारला. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर आला. "ए बे, मरायचंय का? नाटकातून पळून आलास काय?"

तिनं तोवर फाळक्यावर पाय दिला होता. ताडपत्री उचलली, फळीखाली हात घातला. आत झोळी होती. तिनं झोळी उघडली, आणि आतलं लेकरू डोळे उघडून तिच्याकडे बघायला लागलं. चांगलं दीड वर्षाचं, काजळ घातलेलं पोरगं. तिनं ते परत झाकलं. वरची बाई ओरडत होती, "कोण गं तू? हात लावू नको." ती खाली उतरली आणि व्हॅनमध्ये येऊन बसली. ड्रायव्हरला काय समजलं कुणास ठाऊक, त्यानं शिव्या थांबवल्या. म्हणाला, "नाथाची टोळी ना? लई म्होरं गेलीय. फाट्यावर गाठा. तिथं गडी घ्यायला थांबतंय ते."

"फाट्यावर थांबणार आहेत?" मी तिला विचारलं.

"व्हय. माझी जोडी तिथून हाय. दुसरा अर्धा कोयता. कुणी बाई हाय म्हणले. तिला घेणार आन् निघणार, इंजन बी बंद करत न्हाईत."

गाडी पुन्हा निघाली. गप्प राहणं मला जमत नाही आणि त्या वेळी तर मुळीच जमत नव्हतं, म्हणून मी विचारलं, "दाविद मास्तर काय करायचे गं निघताना?"

ती रस्त्यावरून नजर न काढता सांगत गेली. दाविद मास्तर मूळचे शाळामास्तर. पाळक झाले तरी हजेरीची सवय सुटली नाही. टोळी निघाली की ज्याला-त्याला आत बोलवायचे. एकेकानं पुढं जाऊन गुडघे टेकायचे, मास्तर डोक्यावर हात ठेवून पुरं नाव घ्यायचे आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं 'हाय' म्हणायचं. शाळेतल्यासारखं. कागद नाही, काही नाही, सगळी तोंडपाठ. परत आल्यावर पुन्हा तसंच. कुणी 'हाय' म्हणालं नाही तर मास्तर खाली बसायचे आणि कुठं राहिलं, कसं राहिलं ते सगळं विचारायचे. मागच्या खेपेला हिचा नवरा परत आला नाही. तापानं गेला. तेव्हा मास्तरांनी त्याचं नाव घेतलं आणि हिनं त्याच्या वतीनं 'न्हाई' म्हटलं. पोर पोटात होती.

"तुझं नाव काय?" यांनी विचारलं. आरशातून नाही, मान वळवून.

"शिबी म्हणतेत."

"पुरं?"

"अलिशिबा." तिनं ते सावकाश उच्चारलं, जिभेला सवय नसल्यासारखं. "मास्तरांनीच ठिवलं बाप्तिस्म्याला. घरी कुणाला येत न्हाई म्हणायला. शिबी, न्हाईतर पंडितची बहीण. नवऱ्याच्या टोळीत त्याच्या नावाचा कोयता. आता अर्धा कोयता. पुरं नाव वरसातून दोनदाच, जाताना आन् येताना."

"मी पंडितला म्हणालो की देव सगळ्यांना ओळखतो," हे हळूच म्हणाले. हे मला उद्देशून नव्हतं.

"देव वळखतो साहेब," अलिशिबा म्हणाली. "मला ठावं हाय. पर देवानं हाक मारलेली मला ऐकू येत न्हाई. तुमची येते."

ह्यांनी नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली. मी लग्नाला वीस वर्षं झालेली बाई आहे, मला त्यांचे कान लाल झालेले न बघताही कळतात. त्यांच्या खिशात फोन थरथरत होता. बीडहून असणार. त्यांनी तो काढून माझ्याकडं टाकला. मी पंडितला लावत राहिले. वाजत राहिला.

उतार सुरू झाला. वळणावर वळणं. आणि एका वळणानंतर अलिशिबानं माझा खांदा असा पकडला की रात्री बघितलं तर वळ होते.

"बाई. पाणी."

डांबरावर ओली रेघ होती. आधी थेंब, मग सलग पट्टा, ट्रकच्या मागून सांडत गेल्यासारखा. ऊन होतं, कडेनं वाळत चालला होता, पण मधे अजून काळाभोर ओला. दोन वळणं तसाच चालला. मग पट्टा बारीक झाला, पुन्हा थेंब झाले आणि थेंबही संपले.

"डरम सांडला," ती म्हणाली. "पुरा."

मी तिचा हात धरला. प्रार्थना करायला हवी होती, पाळकाची बायको ना मी. मला एकही शब्द आठवला नाही. मनात नुसतं, नको, नको, एवढंच चाललं होतं. प्रभूला तेवढं समजत असावं अशी माझी आशा आहे.

फाटा लांबून दिसला. चहाच्या टपरीपाशी दोन्ही ट्रक उभे होते. दोन्ही बंद. माणसं खाली उतरली होती आणि मागच्या ट्रकभोवती घोळका होता. फळ्या काढून रस्त्याच्या कडेला टाकलेल्या, पोती उतरवलेली.

इंजिनसुद्धा बंद न करणारी टोळी सगळं सामान काढून उभी होती. मला वाटलं, संपलं.

ह्यांनी व्हॅन थांबवली. दार उघडं होतं, पण अलिशिबाला उतरता येईना. ती सीटला धरून बसली, नुसती बसली. सगळा रस्ता जी पुढं झुकून बसली होती ती आता मागं टेकली. "तुमी बघा बाई," म्हणाली. "तुमी बघून या. मी न्हाई."

मी उतरले. हे माझ्या पुढं धावले, झगा हातात धरून. घोळक्यात शिरलो. ट्रकच्या पाठीमागे निळा ड्रम आडवा पडलेला, झोळीची एक बाजू फाटून लोंबत होती, चिंब ओली. आत काहीच नव्हतं. पंडित फाळक्याला डोकं लावून उभा होता. त्याची बायको गीताबाई खाली बसून तोंडात पदर कोंबून रडत होती. मी तिला हलवलं. "कुठं आहे? अगं, लेकरू कुठं आहे?"

तिनं बोट दाखवलं.

ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून एक म्हातारी मातीत बसली होती. काळी, हाडकुळी, कपाळाला मोठं गोंदण. बोचकं शेजारी. तिनं आपल्या पदरात काहीतरी गच्च गुंडाळून छातीशी धरलं होतं आणि ती मागंपुढं डोलत होती. मी वाकले. पदरातून एक चिमुकली मूठ बाहेर आली आणि तिनं म्हातारीचं नाक पकडलं.

मी व्हॅनकडं तोंड करून ओरडले, "आहे गं. आहे."

त्यानंतर अलिशिबा कशी आली ते मी पाहिलं नाही, मला दिसतच नव्हतं. पोर तिच्या हातात आली तेव्हा मात्र तिनं ऊर फुटेल असा हंबरडा फोडला, आणि मग पोरीनंही. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलेलं नाही.

काय झालं होतं ते हळूहळू कळलं. म्हातारीचं नाव भिवराबाई. तीच दुसरा अर्धा कोयता. ट्रक थांबला, नाथा म्हणाला, चढ. भिवराबाईनं विचारलं, माझी जोडीदारीण कुठाय? नाथा म्हणाला, असंल वर कुठंतरी, पंडितची बहीण हाय, चढ लवकर. म्हातारी म्हणाली, दाव मला. मागल्या साली तिला असाच जोड दिला होता, तो निम्म्या हंगामात पळून गेला होता आणि तिनं दोघांचं काम केलं होतं. यंदा तोंड बघितल्याशिवाय चढणार नाही म्हणून ती चाकासमोर जाऊन बसली. नाथानं शिव्या दिल्या, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि इंजिन बंद झाल्यावर फळीखालचं रडणं पहिल्यांदा कुणाच्या तरी कानावर गेलं. ड्रम कलंडला होता, पण बाजरीच्या दोन पोत्यांत अडकला. झोळी फाटून पोर त्याच पोत्यांवर पडली, पाण्यात भिजून गारठलेली.

नाथा माझ्याकडं बघून हात झाडत होता. "मला काय ठावं बाई? अर्धा कोयता फाट्यावर पुरा व्हनार व्हता. पुरा झाला की मोजनार व्हतो. सगळे तसंच मोजतेत."

"अर्धी बाई कुठं बघितलीस रं तू?" भिवराबाई बसल्या जागेवरून म्हणाली. मग अलिशिबाकडं वळून, "नाव काय गं पोरी तुझं?"

अलिशिबा पोरीला पुसत होती. सवयीनं म्हणाली, "शिबी."

"अलिशिबा," माझे यजमान म्हणाले.

ते घोळक्याच्या मधे येऊन उभे राहिले होते. झग्याला ग्रीस लागलेलं, केस धुळीनं पांढरे. माझ्या हातातला त्यांचा फोन पुन्हा थरथरला. मी त्यांना दाखवला. त्यांनी 'नको' म्हणून मान हलवली. मी तो कमरेला खोचला. बीडची बदली तिथंच, माझ्या कमरेला थरथरत संपली, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नंतर वाटलं. मुलीला सांगताना तर फारच वाटलं.

"मी सकाळी काम अर्धं टाकून निघालो होतो," ते सगळ्यांना म्हणाले. "माझी चूक झाली. मला तुमची नावं येत नाहीत. मी विचारतो, तुम्ही सांगा. पुरी सांगा."

आणि ते तिथंच, डांबराच्या कडेला, एकेकासमोर जाऊन उभे राहू लागले. नाव विचारायचे, मग डोक्यावर हात ठेवून तेच नाव मोठ्यानं घ्यायचे. समोरचा 'हाय' म्हणायचा. पहिल्यांदा माणसं लाजली. पंडितनं आपलं नाव सांगताना बापाचंही सांगितलं, मग सगळेच तसं सांगायला लागले. चहावाला स्टोव्ह सोडून बघायला आला. लेकरं रांगेत घुसली. दोन वेळा यांनी नाव चुकीचं घेतलं, माणसांनी दुरुस्त केलं, यांनी पुन्हा घेतलं. इतका अडखळणारा पाळक मी कधी पाहिला नव्हता. उपदेशात हा माणूस पाण्यासारखा वाहतो.

अलिशिबासमोर ते थांबले; तिच्या नवऱ्याचं नाव-आडनाव त्यांनी पंडितला आधीच विचारून घेतलं होतं. तिनं पोरीला कडेवर घेऊन गुडघे टेकले. मातीत, खडीत.

"अलिशिबा शलमोन वाघमारे," ते म्हणाले.

सगळे वाट बघत होते. तिची मान खाली होती. यांनी हात काढला नाही, घाईही केली नाही. रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, त्याची धूळ आमच्यावर बसली.

"हाय," ती म्हणाली. "हाय, साहेब."

मग भिवराबाई उठली, कंबर धरून पुढं आली. "मी तुमच्यातली न्हाई बरं का."

"नाव तर आहे ना?" यांनी विचारलं.

"हाय की. भिवराबाई सखाराम." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांनी घेण्याआधीच 'हाय' म्हणून टाकलं. लोक हसले. पंडितही हसला.

सामान पुन्हा चढलं. ड्रमला यांनी स्वतः दोरी बांधली. गाठ मी तपासली, कारण यांच्या गाठी मला माहीत आहेत. भिवराबाई आणि अलिशिबा शेजारी शेजारी बसल्या, पोर दोघींच्या मधे. हे थकून व्हॅनकडं निघाले.

नाथा खाली उभा होता. पुढच्या ट्रकच्या दाराला हात लावून, पण चढत नव्हता. सकाळपासून सगळ्यांना घाई करणारा माणूस. इंजिन सुरू झालं तरी तो चढेना.

"आता काय राहिलं, मुकादम?" मी विचारलं. माझा राग अजून गेला नव्हता आणि तो आवाजात होता.

त्यानं टोपी काढली. हातात फिरवली. माझ्याकडं न बघता, रस्त्याकडं बघत म्हणाला, "माझं न्हाई इचारलं कुणी."

मी त्याच्याकडं पाहिलं. मग यजमानांना हाक मारली.

"अहो, थांबा. एक राहिलाय."